मधुमेहींचं प्रेशर उभं करूनही मोजा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
माननीय संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, कांपाल, पणजी,
आणि राज्यातल्या सर्व सरकारी आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी,

सविनय नमस्कार.

आमच्या आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या रुग्णाचं प्रेशर खुर्चीवर बसवून एकदा मोजतात. तो आकडा कार्डावर चढतो आणि त्यावरून गोळी ठरते. माझ्या पतींचं प्रेशर झोपवून आणि मग उभं करूनही मोजावं आणि तीनही आकडे कार्डावर लिहावेत, अशी विनंती मी केंद्रात लेखी केली. उत्तर मिळालं, "कार्डात तशी जागा नाही."

हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. ज्या नर्सबाईंनी ते सांगितलं त्यांच्यावर माझा राग नाही. कार्ड त्यांनी छापलेलं नाही, आणि सोमवारच्या गर्दीत त्या एकट्या किती जणांचं बघतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. केंद्राचं नावही मी लिहीत नाही. एका केंद्राची तक्रार म्हणून चौकशी लागेल, खुलासा मागवला जाईल आणि फाइल मिटेल, असं मला नको आहे. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या नातेवाइकांना आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांना मी विचारलं. मधुमेह आहे, प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, पण उभं करून प्रेशर मोजलेलं कुणालाच आठवत नाही.

हा प्रश्न गोव्यात इतर कुठल्याही राज्याच्या आधी विचारला जायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं देशभरातलं मधुमेहाचं सर्वेक्षण 2023 साली प्रसिद्ध झालं. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. हे दोन्ही आजार एकाच अंगात राहायला येतात, हे आपल्या वाड्यावरच्या कुठल्याही घरात डोकावलं तरी कळेल. इतकी माणसं या दोन आजारांची असलेल्या राज्यात तिसरी गोष्ट, म्हणजे या दोघांच्या मधली मज्जातंतूंची इजा, कुणाच्या कागदावरच नसावी, हे मला समजत नाही.

आता माझं या विषयाशी नातं काय ते सांगते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझ्या पतींनी सगळी नोकरी बसच्या चाकावर काढली, घाटातल्या वळणांवरसुद्धा. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून त्यांना मधुमेह आहे, प्रेशर नंतर आलं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका पहाटे ते लघवीला उठले आणि न्हाणीच्या दाराशी कोसळले. मनगट मोडलं. आवाज ऐकून शेजारचे धावून आले, त्यांतल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं, "रात्री घेतली होती काय?" ज्या माणसाने आयुष्यभर दारूला हात लावला नाही, कारण मागे प्रवासी बसलेले असत, त्याच्याविषयी हे ऐकताना मला काय झालं ते लिहीत बसत नाही. पण इथे पहाटे पडलेल्या माणसाबद्दल पहिली शंका हीच येते, आणि खरं कारण तपासायचं राहून जातं.

इस्पितळात मनगटाला प्लास्टर घातलं. बसवून प्रेशर मोजलं, ते जास्त आलं, म्हणून आणखी एक गोळी वाढवली. ती सुरू झाल्यावर दुपारी जेवून हात धुवायला उठतानाही त्यांचा तोल जाऊ लागला. डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे भरून येतात, बसलं की बरं वाटतं, असं ते सांगत. आम्ही पुन्हा दाखवायला गेलो. पुन्हा बसवून मोजलं, पुन्हा जास्त. "अशक्तपणा असेल, शुगर उतरत असेल," म्हणाले. त्या वेळी बोट टोचून पाहिलेली शुगर चांगली होती, तरीही.

अखेर एका डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "भोवळ येते ती बसल्या जागी, की उठल्यावर?" इतके दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी यांना पाच मिनिटं पलंगावर निवांत झोपवलं आणि प्रेशर घेतलं: 172 वर 90. मग उभं केलं. एका मिनिटाला 128 वर 74. तीन मिनिटांना 118 वर 70, आणि हे भिंत धरू लागले. नाडी 88 होती, उभं राहिल्यावर 91. बाई म्हणाल्या, एवढं प्रेशर उतरल्यावर निरोगी हृदय धावायला लागतं. यांचं हललंच नाही, म्हणजे हृदयाला खबर देणारे मज्जातंतू अधू झालेत. ही तपासणी करायला त्यांना एक पलंग, एक प्रेशरचं मशीन आणि दहा मिनिटं लागली. तिन्ही गोष्टी आमच्या केंद्रात आहेत.

त्या दिवसानंतर मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. जे समजलं ते इथे मांडते. आपण सर्व डॉक्टर मंडळी हे जाणता, पण हे पत्र रांगेत बसलेल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं.

माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारी टोकं असतात. ती मेंदूला कळवतात, मेंदू मज्जातंतूंमार्फत हृदयाला वेग वाढवायला आणि पायांतल्या रक्तवाहिन्यांना आवळायला सांगतो. हे सगळं क्षणभरात होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की हे मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. लांब तंतूंना आधी झळ लागते. म्हणून पायांच्या बोटांत मुंग्या आणि जळजळ सुरू होते, आणि मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारा व्हेगस हा लांब तंतूही लवकर सापडतो. हृदयाला लगाम घालणारा तोच असल्यामुळे पुष्कळांची नाडी बसल्या जागीही जलद चालते. पुढे रक्तवाहिन्या आवळणारे तंतू बिघडले की माणूस उभा राहताच प्रेशर कोसळतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो दोष मानतात. मज्जातंतूंच्या या इजेला डॉक्टरी भाषेत ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात.

यात फसवणारी गोष्ट अशी की याच माणसाचं प्रेशर झोपल्यावर उलट चढलेलं असू शकतं. निरोगी माणसाचं प्रेशर रात्री झोपेत दिवसापेक्षा 10 ते 20 टक्क्यांनी उतरतं. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांना तेवढीच काय ती विश्रांती. मधुमेहाने मज्जातंतू बिघडले की ही उतरण कमी होते किंवा संपते, काहींचं तर रात्री दिवसापेक्षा जास्त राहतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार आणि मूत्रपिंडाचा आजार हीदेखील यामागची कारणं असतात. स्पेनमध्ये टाइप 1 मधुमेह असलेल्या तरुणांवर झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात लघवीत प्रथिन दिसू लागण्याच्या आधीच रात्रीचं प्रेशर वाढलेलं आढळलं होतं. म्हणजे मूत्रपिंडाच्या नुकसानीची सूचना रात्रीच्या आकड्यात आधी मिळू शकते, आणि तो आकडा दिवसा दहा वाजता केंद्रात कुणाला दिसणार?

माझ्या पतींच्या दंडाला चोवीस तासांचं मशीन लावलं. दिवसा ठरावीक वेळाने आणि रात्रीही ते आपोआप फुगतं आणि आकडा साठवतं. वरच्या आकड्याची दिवसाची सरासरी 142 आली आणि रात्रीची 156. बसवून एकदा घेतलेलं प्रेशर म्हणजे मांडवीच्या काठावर एकदाच जाऊन भरती-ओहोटीचा अंदाज सांगण्यासारखं होतं, हे तेव्हा स्पष्ट झालं. त्या एका आकड्यावर वाढवलेली गोळी दिवसा, उभं असताना, त्यांना जमिनीवर आणत होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अर्थातच मोजणीची. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत मधुमेहीच्या उच्च रक्तदाबाची पहिली तपासणी करताना, नंतर अधूनमधून, आणि भोवळीची लक्षणं असतील तेव्हा उभं करून प्रेशर मोजावं असं लिहिलेलं आहे. म्हणजे ही माझी कल्पना नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि प्रेशर तपासलं जातं, 14 नोव्हेंबरला, मधुमेह दिनी, शिबिरं होतात, फोटो निघतात, आणि या कामाचं मोल मला कळतं. पण दहा-पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाला काल निदान झालेल्याच्याच मोजपट्टीने मोजून कसं चालेल? आजार पुढे जातो, तशी तपासणीही पुढे जायला हवी.

दुसरी तक्रार गोळ्यांची आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. माझ्या पतींच्या डब्यात तीन ठिकाणांहून आलेल्या गोळ्या होत्या. प्रेशरच्या गोळ्या केंद्रातून, त्यांतली एक लघवी वाढवणारी. प्रोस्टेटची गोळी एका खासगी सर्जनने दिलेली. पायांची आग होते म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलिन आणखी एका दवाखान्यातून. लघवी वाढवणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं, प्रोस्टेटची पुष्कळ औषधं रक्तवाहिन्या सैल सोडतात, अमिट्रिप्टिलिननेही उभं राहिल्यावर प्रेशर उतरतं. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी योग्यच औषध दिलं असेल. पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून बघणारा डोळा या व्यवस्थेत कुणाचाच नव्हता. मज्जातंतूंच्या इजेने होणारी पायांची आग शमवायला दिलेली गोळी त्याच इजेचा दुसरा परिणाम वाढवत होती. साठी ओलांडलेल्या मधुमेही पुरुषांपैकी किती जणांच्या डब्यात हे तीन प्रकार एकत्र असतील? आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने अंग सुकलेलं असताना या गोळ्या काय करत असतील?

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहिते, कारण हे पत्र घरोघरी वाचलं जाईल. हे वाचून कुणीही प्रेशरची गोळी आपल्या मनाने बंद करू नये किंवा कमी करू नये. मधुमेहीचं वाढलेलं प्रेशर अर्धांगवायू, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होणं यांच्याकडे नेतं, त्यावर उपचार हवेतच. प्रेशर नीट आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये उभं राहिल्यावरची घसरण वाढत नाही, उलट काहीशी कमी होते, असं मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. माझं म्हणणं एवढंच की कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे ठरवताना झोपलेल्या आणि उभ्या माणसाचा आकडा समोर असावा. वेळेचंही तसंच. प्रेशरची गोळी रात्री घेतली की सर्वांना जास्त फायदा होतो, असा सल्ला मध्यंतरी फार पसरला होता. ब्रिटनमधल्या 21 हजारांहून जास्त लोकांवरच्या टाइम नावाच्या चाचणीने 2022 मध्ये दाखवलं की सकाळ आणि रात्र यांत सरसकट फरक पडत नाही. म्हणजे सर्वांना एकच वेळ लावून देण्यात अर्थ नाही, माणूस बघून ठरवावी लागते. आणि माणूस बघायचा तर मोजावं लागतं.

तिसरी तक्रार पायांची. टाइप 2 मधुमेहात निदानाच्या वेळीच आणि नंतर दरवर्षी मज्जातंतूंची तपासणी व्हावी, असा नियम जगभर आहे. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला लावून कळतं का विचारायचं, कंपनाचा काटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. आमच्याकडे पाय बघितले जातात ते जखम चिघळल्यावर. कुळागरात आणि काजूच्या डोंगरावर अनवाणी किंवा पातळ चपलेने फिरणाऱ्या माणसाला पायात काटा रुतलेला कळत नसेल, तर ते आधी समजायला नको? ज्याच्या पायांत इजा सापडते त्याच्या हृदयाच्या आणि प्रेशरच्या मज्जातंतूंबद्दलही शंका घ्यायला हवी. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं, त्यानेही पाय बधिर होतात. ते तर साध्या रक्ततपासणीत कळतं आणि भरून काढता येतं.

चौथी तक्रार लिहिताना भीती वाटते. मज्जातंतू बिघडलेल्या मधुमेहीला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, ओकारी येते, गळून गेल्यासारखं होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीतल्या 8 हजारांवर मधुमेहींची माहिती 2010 मध्ये तपासली गेली, तेव्हा हृदयाच्या मज्जातंतूंना इजा असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दीड ते दोन पट आढळलं. आपल्या राज्यात हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी जवळच्या केंद्रात काढून, बांबोळीच्या गोमेकॉशी, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी, संपर्क साधून तातडीने उपचार सुरू करण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. त्याने जीव वाचले आहेत, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण ही साखळी सुरू होते छातीत दुखतंय म्हणणाऱ्यापासून. ज्याला दुखतच नाही, तो "पित्त झालंय" म्हणून केंद्रातून गोळी घेऊन घरी जाऊ शकतो. या माणसाच्या कार्डावर "मज्जातंतूंची इजा" असं लाल शाईत लिहिलेलं असतं, तर समोरच्या नवख्या डॉक्टरनेही आधी ईसीजी काढला असता.

आणि शेवटची, अंतराची. चोवीस तासांचं मशीन आम्हाला खासगीत पैसे भरून लावावं लागलं. आम्हाला दोघांची पेन्शन आहे, जमलं. काणकोणच्या, सांग्याच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावातल्या माणसाने बस बदलत बांबोळीला जायचं, दुसऱ्या दिवशी मशीन परत करायला पुन्हा जायचं, तेही उभं राहिलं की भोवळ येत असताना. हे होणार नाही.

वेळ नाही, माणसं नाहीत, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. ते खोटं नाही. म्हणून मागण्या करताना मी केंद्राचं रोजचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं आहे. ही मोजणी दर भेटीला नको. वर्षातून एकदा, प्रेशरची गोळी बदलल्यावर, आणि पडल्याचं किंवा भोवळ आल्याचं कुणी सांगितलं की लगेच. डॉक्टरांनी ती करायची गरज नाही, शिकवलेली नर्स करू शकते. रुग्ण नाहीतरी डॉक्टरांची वाट बघत तासभर बसलेला असतो, त्यातली दहा मिनिटं तो पलंगावर आडवा होऊन काढेल.

माझ्या मागण्या:

1. मधुमेहाच्या कार्डावर आणि संगणकातल्या नोंदीत झोपून, उभं राहून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना घेतलेलं प्रेशर आणि नाडी लिहायला जागा करावी. नवं कार्ड छापून येईपर्यंत रबरी शिक्का मारला तरी चालेल. त्याला निविदा लागणार नाही.

2. प्रत्येक केंद्रात एक पलंग आणि एक प्रशिक्षित नर्स यांची या कामासाठी वेळ ठरवून द्यावी. प्रशिक्षणात एक गोष्ट जरूर असावी: रुग्णाला उभं केल्यावर कुणीतरी शेजारी उभं राहायचं, कारण हीच माणसं पडणारी असतात.

3. चोवीस तासांची प्रेशरची मशीनं तालुका पातळीच्या प्रत्येक सरकारी इस्पितळात ठेवावीत आणि मधुमेहींसाठी ती मोफत असावीत. सर्वांना ती लावायची नाहीत. उभं राहिल्यावर प्रेशर उतरणारे, लघवीत प्रथिन जाणारे, गोळ्या वाढवूनही प्रेशर न हलणारे, एवढ्यांना आधी.

4. पायांच्या मज्जातंतूंची तपासणी वर्षातून एकदा सक्तीची करावी. नायलॉनचा धागा आणि कंपनाचा काटा यांना वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही.

5. सर्व डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या डब्यासकट घेऊन या, असं रुग्णाला वर्षातून एकदा बोलवावं आणि फार्मासिस्टने त्या एकत्र बघून डॉक्टरांना टिपण द्यावं. खासगी दवाखान्यातल्या आणि दुकानातून आणलेल्या गोळ्याही त्यात याव्यात. हे एकच काम झालं तरी अनेक पडणं वाचेल असं मला मनापासून वाटतं.

6. दम, घाम, ओकारी किंवा अचानक गळून जाणं घेऊन आलेल्या प्रत्येक जुन्या मधुमेहीचा ईसीजी काढावा, छातीत दुखो वा न दुखो. 108 च्या कर्मचाऱ्यांनाही हीच सूचना असावी.

7. मधुमेही माणूस पडून जायबंदी होऊन आला की पडण्याचं कारण नोंदवावं. हाड जोडून घरी पाठवताना उभं करून प्रेशर मोजलं की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहावं.

8. मराठीत आणि कोंकणीत, मोठ्या अक्षरांत, एका पानाची सूचना प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती बोलून सांगावी.

त्या पानावर काय लिहावं, यासाठी आम्हाला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. अंथरुणातून एकदम उठायचं नाही. आधी कुशीवर, मग काठावर बसून पाय खाली सोडायचे, पोटऱ्या आवळून सैल करायच्या, मग उभं राहायचं, आणि लगेच चालायला लागायचं नाही. रात्री लघवीला उठावं लागत असेल तर पुरुषांनीही बसून करावी. पलंगाची उशाकडची बाजू विटा घालून वीतभर उचलायची, त्याने रात्रीचं चढलेलं प्रेशरही थोडं सावरतं. जेवणात एकदम भरपूर भात खाल्ला की रक्त पोटाकडे जातं आणि तासा-दोन तासांत प्रेशर उतरू शकतं; म्हणून थोडं थोडं खायचं आणि जेवून लगेच उन्हात निघायचं नाही. देवळात किंवा चवथीच्या आरतीला खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने एकट्याने झटक्यात उठू नये. सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी आमच्याकडे उपयोगी पडलं, पण हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच करावं.

या सगळ्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, काही काढल्या, एक रात्रीच्या वेळेला नेली. माझे पती पूर्ण बरे झालेले नाहीत, आणि मज्जातंतूंची झालेली इजा सहसा भरून येत नाही असं आम्हाला स्पष्ट सांगितलं आहे. साखर आटोक्यात ठेवून इजा वाढू न देणं एवढंच हाती आहे. टाइप 1 मधुमेहींवरच्या अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या चाचणीने 1993 मध्येच दाखवलं होतं की साखर कसोशीने आवरली तर मज्जातंतूंची इजा 60 टक्क्यांपर्यंत टळते. टाइप 2 मध्ये फायदा त्याहून कमी दिसतो, आणि म्हणूनच इजा लवकर सापडणं जास्त महत्त्वाचं ठरतं. पण माझे पती आता न्हाणीपर्यंत स्वतः जातात, अंगणात फिरतात. उभं करून एकदा मोजल्याने एवढं झालं. ते पडण्याच्या आधी झालं असतं तर मनगट वाचलं असतं. पडणाऱ्या प्रत्येकाचं मनगटच मोडतं असंही नाही. आमच्याच वाड्यावरच्या एका मधुमेही आजींचं खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत. त्या का पडल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

माननीय आरोग्यमंत्री, या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. पहिल्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीला नवी यंत्रं किंवा इमारत लागत नाही, त्यांचं परिपत्रक येत्या महिन्याभरात सर्व केंद्रांना जावं आणि ते लोकांना वाचायला मिळेल असं प्रसिद्ध व्हावं. बाकीच्या मागण्यांतलं काय होऊ शकतं, काय नाही आणि का नाही, हे विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात सांगावं. आणि वर्षाच्या शेवटी किती मधुमेहींचं प्रेशर उभं करून मोजलं, कितींचं उतरलेलं सापडलं, हा आकडा तालुक्यांनुसार जाहीर व्हावा.

दरम्यान मी माझ्या पतींच्या कार्डाला एक कोरा कागद टाचला आहे. त्यावर तीन रकाने आखले आहेत. पुढच्या तपासणीला तो घेऊन मी केंद्रात जाणार आहे, आणि इतर मधुमेहींच्या घरच्यांनीही तसाच कागद टाचून न्यावा, शांतपणे, कुणावर आवाज न चढवता, अशी मी त्यांना विनंती करते.

आपली विश्वासू,
मधुमेही रुग्णाची पत्नी आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गोवा